जीपमध्ये सहाच जागा

रेणूनं अंगणात गल्लीतली सात-आठ पोरं ओळीनं उभी केली होती. ती एकेकाच्या दंडाभोवती अंगठा नि तर्जनी वळवून बघत होती, क्षणभर डोळे बारीक करत होती आणि मग मोठ्या माणसाच्या आवाजात निकाल देत होती. 'तू जीपमध्ये बस. तूपण बस. तुझं बरं आहे, तू घरी जा.' घरी जा म्हटलेला घरमालकीण रत्नम्माचा नातू हिरमुसला. 'मला बी जीपमंदी बसायचंय,' म्हणाला. त्यावर सहा वर्षांची रेणू जराही न चिडता म्हणाली, 'जागा नाही. सहाच असतात.'

विशाखा दारात गहू निवडत बसली होती. तिच्या हातातलं सूप कलंडलं आणि गहू पायरीवरून खाली सांडत गेले, तरी तिला ते दिसले नाहीत. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दुपारचं चारचं ऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं, लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून हमालांचा ओरडा येत होता, सगळं रोजच्यासारखं होतं. ती उठली, रेणूच्या दंडाला धरून तिला आत ओढत घेऊन आली, आणि मग आपण दंडालाच धरलंय हे लक्षात येऊन चटका बसावा तसा तिनं हात सोडला. 'कुणी शिकवलं तुला हे?' रेणू घाबरली नव्हती. तिला नवलच वाटलं होतं. 'तूच की. तू रोज सकाळी करतेस मला. मी झोपलेली असते तेव्हा.' मग थोडं थांबून, गुपित सांगावं तसं ती म्हणाली, 'मी झोपलेली नसते.'

खरं होतं ते. रेणू दोन महिन्यांची होती तेव्हापासून विशाखाचा दिवस असाच उजाडायचा. बाकी सगळे उठायच्या आधी ती पांघरुणात हात घालून लेकीचा दंड चाचपायची. बोटांच्या कवेत तो नीट भरलाय असं वाटलं की मगच ती चुलीकडे वळायची. ते तिला वाईट वाटत नव्हतं. काही बायका उठल्याउठल्या जमिनीला हात लावून नमस्कार करतात, तसंच हे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. आणि जीप? जीपचा शब्द तिनं घरात कधी काढला नव्हता. उद्धवला लग्नाआधी एवढंच सांगितलं होतं की, बहात्तरच्या दुष्काळात मी हिमायतनगरकडे मदतकेंद्रावर सात महिने होते. त्यानं कौतुकानं मान हलवली होती आणि तो विषय तिथंच संपला होता. म्हणजे ती झोपेत बोलत असणार. किती वर्षं? रेणू ऐकत होती, आणि उद्धवही ऐकत असेल. श्वास आत जात होता पण पुरत नव्हता. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खाली बसली आणि तिच्या नाकात, घरात दुधाचा थेंब नसताना, कोमट पाण्यात कालवलेल्या दुधाच्या भुकटीचा तो गोडसर, ओला वास भरला.

त्या वासामागून नेहमी खडीचा आवाज यायचा. दुष्काळी कामावरच्या शंभर-दीडशे बाया रस्त्याच्या कडेला बसून हातोड्यांनी दगड फोडायच्या आणि त्यांची लहान पोरं ताडपत्रीच्या छपराखाली विशाखाच्या हवाली असायची. पोरांच्या पापण्यांवर पांढरी धूळ बसलेली असायची. ती तेवीस वर्षांची होती, नांदेडला बी.एस्सी. झालेली, गळ्यात मापाची पट्टी अडकवलेली. पट्टीवर डॉक्टरांनी लाल शाईची रेघ मारून दिली होती. दंड रेघेच्या आत आला तर पोर धोक्यात, नांदेडच्या दवाखान्यात पाठवायचं. रेघेच्या बाहेर राहिला तर दूध आणि सुकडीचा खाऊ द्यायचा, दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीच्या दिवशी रेघ तिच्या हातात होती. आणि केंद्र चालवणाऱ्या समितीची जीप एकच होती. आया धरून तिच्यात सहाच पोरं मावायची. आधी तिला ते काम फार आवडलं होतं, हे तिला नीट आठवत होतं. पोर बरं होऊन परत आलं की त्याची आई तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायची. त्या उन्हाळ्यात ती काळी पडली, वाळली, आणि आपण जगात कुणाच्या तरी उपयोगाच्या आहोत या आनंदात रोज पहाटे उठत राहिली. सात महिन्यांत तिनं एक दिवस सुट्टी घेतली नाही. कुणी घे म्हणालंही नाही.

'यव्वा, काय झालं गं?' रत्नम्मा परसदारानं आत आली होती. ती पन्नाशीची, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज खणखणीत. नातवानं रडत जाऊन सांगितलं असणार. तिनं विशाखाकडे एकदा बघितलं, रेणूला 'जा, पोरांसंगट गहू गोळा कर,' म्हणून बाहेर काढलं, माठातलं पाणी आणून विशाखाच्या मानेवर ओला हात ठेवला आणि शेजारी फतकल मारून बसली. बराच वेळ तो गार, जड हात मानेवर होता आणि विशाखाला आपला श्वास हळूहळू परत सापडत गेला. मग ती बोलली. जेवढं बोलता आलं तेवढं. पट्टी, रेघ, सहा जागा. रत्नम्मानं मधे 'अय्यो शिवा' म्हटलं, एवढंच. पुण्यवान आहेस, किती लेकरं वाचवलीस, असलं काही ती म्हणाली नाही. दहा वर्षं विशाखा जिथं म्हणून हा विषय निघेल तिथून उठून जायची ती याच वाक्यांच्या भीतीनं. रत्नम्मानं फक्त विचारलं, 'तुझ्यासंगट तिथं अजून कोण कोण व्हतं?'

'कोण म्हणजे?'

'म्हंजे तू एकटीच का? जीप कोण हाकत व्हतं? दूध कोण कालवत व्हतं?'

'उमाबाई होत्या दुधाला. त्या गेल्या पुढच्याच वर्षी. जीपवर साहेबराव.'

'मग त्या साहेबरावाला झोप लागती का?'

दहा वर्षांत हा प्रश्न विशाखाला एकदाही पडला नव्हता. तिच्या आठवणीत साहेबराव म्हणजे खाकी सदऱ्याची एक रुंद पाठ होती आणि मागे वळून 'बसले का समदे?' असं विचारणारा आवाज. त्या पाठीला चेहरा होता आणि तो चेहरा रात्री उशीवर टेकत असणार, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. आपलं दुःख आपण एकटीनंच एका बंद खोलीत ठेवलं होतं असं ती समजत होती, आणि ही बाई सहज विचारत होती की खोलीत आणखी कोण आहे. पुढं अनेक वर्षं विशाखा म्हणायची, मला कुणी बरं केलं असेल तर आधी रत्नम्माच्या त्या एका प्रश्नानं.

उद्धव कलेक्टर कचेरीतून सहाला आला. ऑगस्टमध्ये लातूर उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती; त्यानं नांदेडहून स्वतः बदली मागून घेतली होती. नव्या जिल्ह्याला अजून पुरती टेबलं नव्हती, तो खिडकीच्या कट्ट्यावर फाईल ठेवून लिहायचा आणि घरी येऊन त्याच्या गमती सांगायचा. त्या संध्याकाळी त्यानं काही सांगितलं नाही. तिचं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. 'तू झोपेत मोजतेस हे मला ठाऊक होतं,' तो म्हणाला. 'पहिल्या वर्षापासून. मला वाटलं, तुला नको असेल विचारलेलं.' 'मला वाटलं, तुला नको असेल ऐकायला,' ती म्हणाली. मग तो म्हणाला, 'साहेबरावांचं आडनाव काय?' आणि दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याकडच्या एका ओळखीच्याला त्यानं विचारलं. साहेबरावांना पुढे सरकारी नोकरी लागली होती आणि आता ते मुरुडच्या दवाखान्याच्या गाडीवर होते. म्हणजे तासाभराच्या अंतरावर.

रविवारी ती दोघं एसटीनं मुरुडला गेली. रेणू रत्नम्माकडे राहिली. बाजाराची गर्दी ओलांडून ती दवाखान्यामागच्या खोल्यांकडे वळली तेव्हा विशाखा क्षणभर थांबली. परत जावं असं तिला फार वाटलं. काय विचारणार होती ती? तुम्हाला झोप लागते का? पण दारातल्या बाजेवरच्या माणसानं तिला ओळखलं आणि तो धडपडत उभा राहिला. केस पांढरे झाले होते, पाठ तेवढी रुंद राहिली नव्हती. 'ताई? नांदेडच्या ताई? या, या.' आणि त्यानं आत बायकोला हाक मारली, 'बसम्मा, चहा ठेव, आपल्या हिमायतनगरच्या ताई आल्या.' आपल्या, हा शब्द तिच्या कानात राहिला. उद्धवनं दोन मिनिटं बसून, गाव बघून येतो म्हणत काढता पाय घेतला. तो तसा का गेला हे तिला कळलं, आणि तिला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

चहा झाला. कोण कुठे आहे ते बोलून झालं. मग विशाखानं कपाकडे बघत सांगायला सुरुवात केली. कपाकडे बघितलं तरच ते बाहेर येणार होतं. चैत्र होता. ओळीतली सहा पोरं रेघेच्या आत आली होती, जीप भरली होती. सातवी नीलाबाईची मुलगी. दोन वर्षांची असेल. नीलाबाई जवळच्या वस्तीवरची, कधी फारसं न बोलणारी. विशाखानं पट्टी लावली आणि दंड बरोब्बर रेघेवर आला. आतही नाही, बाहेरही नाही. 'आणि मी,' विशाखा म्हणाली, 'मी पट्टी जरा सैल धरली, साहेबराव. जरा. जागा नव्हती म्हणून. सैल धरली आणि नीलाबाईला म्हटलं, हिचं बरं आहे. तिला इतका आनंद झाला. बरं हाय म्हणता? बरं झालं माय, म्हणाली. चौथ्या दिवशी ती एकटीच आली. केंद्राची वाटी तिच्याकडे राहिली होती, ती घासून परत द्यायला. आणि मला म्हणाली, ताई, तुमी लई केलं आमच्यासाठी. पाया पडली माझ्या.' हे दहा वर्षांत ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली होती. समितीनं केंद्र बंद करताना शाल-श्रीफळ दिलं तेव्हा ते शब्द घशात होते, वडील लोकांना अभिमानानं सांगायचे तेव्हा होते, कुणी साधं 'थँक्यू' म्हटलं तरी ती तोंड फिरवायची ते त्यामुळेच. आता ते बाजेच्या पायाशी पडले होते आणि कोंबड्या नेहमीसारख्या दाणे टिपत होत्या.

साहेबरावांनी आपला कप बाजेखाली सरकवला. मग म्हणाले, 'मला ठाऊक हाय.'

'काय?'

'पट्टी सैल व्हती ते. मी आरशातून बगून राहिलो व्हतो. तुमी पुन्यांदा मापू नये म्हणून मी इंजन चालू केलं. जोरात. तुमाला ऐकू यावं म्हणून.' ते तळहात पुढे धरून बघत होते. 'मापलं असतं तर एकाला उतरवावं लागलं असतं, ताई. कुनाला उतरवणार व्हते? म्या म्हटलं, तुमच्यासारख्या पोरीवर आजून एक ओझं नको.'

तो इंजिनाचा आवाज विशाखाला आठवत होता. त्या क्षणी तो आल्याबद्दल तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या सुटकेचीच तिला सगळ्यात जास्त लाज होती.

'अन् आजून एक हाय,' साहेबराव म्हणाले. 'त्या सहांतले दोघं नांदेडला पोचलेच न्हाईत. एक भोकरच्या अलीकडं गेलं, एक दवाखान्याच्या फाटकात. मी माघारी आल्यावर तुमाला म्हटलं, समदे पोचले.'

'तुम्ही मला सांगायला हवं होतं,' ती एकदम म्हणाली. तिचा आवाज चढला होता. 'दहा वर्षं मी समजत होते, की बसले ते सगळे वाचले. आणि ती एकच...'

'हाव. सांगायला पाहिजे व्हतं.' त्यांनी मान खाली घातली. 'सकाळी तुमाला पुन्ना पट्टी हातात धरायची व्हती. कळलं असतं तर हात थरथरला असता. म्हणून माझ्यापाशी ठेवलं. अशे किती तरी ठेवले मी. तुमाला एकीचं तोंड दिसतं, मला समद्यांची दिसायची.' आणि मग त्यांनी शांतपणे, एखाद्या जुन्या आजाराचं सांगावं तसं सांगितलं की, पंच्याहत्तर साली एक दिवस स्टेरिंगवरचे हात सुटेनात. गाडी उभी होती, पेशंट उतरला होता, आणि बोटं उघडत नव्हती. लोकांनी काय काय म्हटलं. बसम्मा माहूरला जाऊन रेणुकेला नवस बोलून आली आणि आल्यावर त्यांना म्हणाली, देवीला सांगून झालं, आता डॉक्टरला सांगा. नांदेडला मनाचे एक डॉक्टर होते, उदगीरकडचे, विरूपाक्ष नावाचे. 'मला लई शरम वाटली. ते म्हणाले, साहेबराव, गाडी चालवून कंबर गेली असती तर शरम वाटली असती का? तुमचं काम दुसरीकडं लागलंय, एवढंच. दोन साल जात राहिलो. गोळ्या बी घेतल्या. आता झोप लागती. समद्या राती न्हाई, पन लागती.'

'ती मुलगी जीपमध्ये असती तर वाचली असती?' विशाखानं विचारलं. त्यासाठीच ती आली होती, हे तिला तेव्हा कळलं.

'मला ठाऊक न्हाई, ताई,' ते म्हणाले. 'तुमच्याशी आता खोटं बोलनार न्हाई.'

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून रडली. रडणं फार दिवसांनी आलं होतं आणि त्यात नुसतं दुःख नव्हतं. करपलेल्या तुरीची रानं मागे जात होती. त्याही वर्षी पाऊस कमीच झाला होता. ती विचार करत होती की, ज्या माणसाच्या पाठीकडे आपण सात महिने बघितलं त्यानं आपल्या वाट्याची किती मेलेली पोरं स्वतःकडे ठेवली, आणि आपल्याला कळूही दिलं नाही. चुकलंच त्याचं. आणि तरी त्या चुकीएवढं कुणी तिच्यासाठी काही केलं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे तिला पटायला मुरुड ते लातूर एवढा रस्ता पुरला नाही, पण तिथं ते सुरू झालं. उद्धव शेजारी बसून राहिला. त्यानं शेंगा घेतल्या होत्या, त्या तो सोलून एकेक दाणा तिच्या हातावर ठेवत होता आणि ती रडतारडता खात होती.

डॉक्टर विरूपाक्षांची खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, बाहेर बाकावर वाट बघणारी माणसं. लातूरहून नांदेड म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस जायचा. ती शिकवायची त्या शाळेतून रजा काढून ती पंधरा दिवसांतून एकदा जाऊ लागली. पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं, सात महिन्यांत सुट्ट्या किती? एकही नाही. तुमच्याबरोबर माप घ्यायला दुसरं कुणी? नाही. संध्याकाळी दिवसाबद्दल कुणाशी बोलायचात? ती हसलीच. 'जीप एकच असावी हे तुम्ही ठरवलं होतं?' त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. 'पट्टी सैल धरली होती, ते मी पुसून टाकणार नाही,' ते म्हणाले. 'तुम्हालाही ते पुसायचं नाहीये. पण अख्ख्या दुष्काळाचं वजन त्या एका बोटावर कसं आलं, ते आपण बघू.' काही खेपांना ती आधी होती त्याहून वाईट होऊन घरी आली. एकदा अर्ध्या वाटेतून माघारी फिरली. संक्रांतीच्या सुमाराला तिनं रेणूला समोर बसवून सांगितलं, 'मी तुझं माप घेत होते, कारण मला भीती वाटायची.' रेणूनं विचार केला. 'मग आता वाटली तर?' 'तर बाबांना उठवेन.' 'मला उठव ना,' रेणू म्हणाली. 'मी जागीच असते.' विशाखानं तिला पोटाशी घेतलं आणि म्हणाली, 'तू आता झोपत जा. जागं राहायचं काम मोठ्यांचं.' फाल्गुनात एक सकाळ अशी गेली की चहा उकळल्यावर तिच्या लक्षात आलं, आज आपण मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. पण एक सकाळ गेली होती.

उन्हाळ्यात पाणी आटलं. मुरुडच्या बाजूला रस्त्याची कामं निघाली आणि एका संस्थेनं तिथं लेकरांसाठी केंद्र उघडायचं ठरवलं. कॉलेजच्या सहा मुली तयार झाल्या होत्या. त्यांना शिकवायला अनुभवी माणूस हवं होतं. संस्थेचे निवृत्तीराव घरी आले. विशाखा नाही म्हणणार होती. तोंडात नाही आलंही होतं. पण तिनं आठ दिवस मागितले, डॉक्टरांशी बोलली, साहेबरावांना विचारून आली आणि मग निवृत्तीरावांना म्हणाली, 'येते. पण माप दोघींनी मिळून घ्यायचं, एकटीनं नाही. प्रत्येकीला आठवड्याला एक दिवस सक्तीची सुट्टी. आणि रोज काम संपल्यावर सगळ्यांनी अर्धा तास एकत्र बसायचं. ड्रायव्हरनं आणि स्वयंपाकाच्या बाईनंसुद्धा.' निवृत्तीराव म्हणाले, 'बाई, इथं लेकरं उपाशी हायेत अन् तुमी पोरींच्या सुट्ट्या बघून राहिल्या.' 'हो,' ती म्हणाली. 'मी तेच बघणार आहे.' तिनं वाक्य मागे घेतलं नाही. निवृत्तीराव दोन दिवस घुमसले आणि कबूल झाले. ती शनिवार-रविवारी जायची, पट्टीला हात लावायची नाही. तेवढं तिला अजून जमत नव्हतं आणि ते तिनं मुलींना सांगून टाकलं होतं.

वैशाखातल्या एका शनिवारी संध्याकाळी सगळे लिंबाखाली बसले होते. साहेबरावही आले होते. केंद्रात त्यांना काही काम नव्हतं, तरी ते येऊन बसायचे. मुलींनी दिवसभराचं सांगितलं. कुणी हसली, एकीनं भाकरी करपल्याची तक्रार केली. कुसुम नावाची मुलगी, सगळ्यांत हुशार, सगळ्यांत आधी उठणारी, आज काहीच बोलली नव्हती. ती वहाणेच्या अंगठ्याशी चाळा करत बसली होती. बाकीच्या उठू लागल्या तशी तीही उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. 'ताई, उद्या सांगू का?' 'उद्या सांग,' विशाखा म्हणाली. 'किंवा आत्ता सांग. मला घाई नाही, शेवटची गाडी साडेसातला आहे.' साहेबरावांनी सतरंजीवर सरकून जागा केली. विशाखाला एकदम, कुठलंच कारण नसताना, त्या सगळ्यांबद्दल फार कृतज्ञ वाटलं. सरकून जागा करणाऱ्या त्या म्हाताऱ्याबद्दल, लातुरात रेणूची वेणी घालत बसलेल्या रत्नम्माबद्दल, आणि या पोरीबद्दलसुद्धा, जी निघून न जाता थांबली होती. कुसुम येऊन बसली. तिनं गुडघे पोटाशी घेतले, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, 'आज सकाळी काय झालं, की...'

विशाखा तिच्याजवळ सरकली. ती ऐकत राहिली.